सिस्टर सारखा हात का तपासतात?

काका आयसीयूत होते तेव्हाची गोष्ट. सिस्टर आल्या, मॉनिटर पाहिला, हाताला जिथे सुई होती त्याभोवती बोट फिरवलं, मग काकांचं नख दाबून सोडलं. तासाभरात तिसऱ्यांदा. शेजारच्या पेशंटचे नातेवाईक म्हणाले, "सलाईनच तर आहे, एवढं काय बघायचं?"

ते सलाईन नव्हतं. सिरिंज पंपातून नॉरॲड्रेनालिन जात होतं. जंतुसंसर्गामुळे रक्तवाहिन्या सैल पडल्या आणि रक्तदाब कोसळला की हे औषध देतात. आपल्या सिंपथेटिक, म्हणजे धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या, चेतातंतूंच्या टोकांतून हेच रसायन पाझरतं, हे उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ साली दाखवलं. १९७० च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

मला यातली सगळ्यात सुंदर वाटते ती रक्तवाहिनीच्या भिंतीतली साखळी. तिथल्या गुळगुळीत स्नायूंच्या पेशींवर अल्फा-१ नावाचे ग्राही, म्हणजे ठरावीक रसायन ओळखून पकडणारी प्रथिनं, असतात. नॉरॲड्रेनालिन त्यावर बसलं की पेशीच्या आत जी-प्रथिन जागं होतं, ते फॉस्फोलायपेज-सी या विकराला कामाला लावतं, त्यातून आयपी-३ हा छोटा रेणू सुटतो, तो पेशीतल्या कॅल्शियमच्या कोठाराचं दार उघडतो. कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटतं, मग मायोसिन आणि ॲक्टिन या स्नायूतल्या तंतूंपैकी मायोसिन ॲक्टिनला ओढू लागतं आणि वाहिनी आवळते. लाखो पेशींनी असं केलं की रक्तदाब चढतो.

पण हेच औषध शिरेतून निसटून कातडीखाली पाझरलं, तर तिथल्या बारीक वाहिन्या आवळून बसतात. जागा पांढरी पडते, गार लागते, वेळ गेली तर काळी पडून मांस मरतं. म्हणून जमेल तेव्हा सेंट्रल लाइन, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत घातलेली नळी, वापरतात. हाताच्या शिरेतून चालू असेल तर सिस्टरचं बोट हाच पहिला पहारा. पाझरल्याचं वेळेत कळलं तर त्या जागेभोवती फेंटोलामाइन टोचतात. ते तेच ग्राही अडवतं.

कोकणातल्या लाल विंचवाचं विष शरीराच्या स्वतःच्या साठ्यातून हीच रसायनं एकदम ओतायला लावतं. घाम फुटतो, हातपाय गार पडतात, फुप्फुसात पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर अल्फा-१ अडवणारं प्राझोसिन वापरलं आणि कितीतरी जीव वाचले. तरी आजही लोक आधी विंचू उतरवणाऱ्याकडे जातात. तिथे गेलेला वेळ हृदयाला भोवतो. नांगी बसली की थेट दवाखाना गाठा.

रक्तातलं निम्मं नॉरॲड्रेनालिन दोन-तीन मिनिटांत संपतं. त्यामुळे सिरिंज रिकामी होऊन बदलेपर्यंत थांबता येत नाही, आणि त्याच नळीतून दुसरं इंजेक्शन ढकललं तर आत साचलेलं औषध एका झटक्यात जाऊन दाब उसळतो. त्या रात्री सिस्टरनी आधीची सिरिंज संपण्यापूर्वीच दुसरा पंप सुरू केला. मीन प्रेशर, म्हणजे सरासरी रक्तदाब, ६५ च्या वर टिकलेलं पाहिलं, लघवीच्या पिशवीतलं माप वहीत लिहिलं आणि पुन्हा काकांचं नख दाबलं. गुलाबी रंग लगेच परत आला, म्हणजे बोटाच्या टोकापर्यंत रक्त पोचत होतं.