'ब्राउन साउंड' आणि डिमरस्टॅट : पार्श्वभूमी

एडी व्हॅन हेलनचे 'इरप्शन' हे 1 मिनिट 42 सेकंदांचे गिटारवादन 1978 मध्ये रेकॉर्डवर आले. त्यातल्या गिटारच्या आवाजालाच 'ब्राउन साउंड' म्हणतात. त्याआधीचे थोडक्यात सांगता येते. अमेरिकी बेस अ‍ॅम्पच्या सर्किटवरून ब्रिटनमध्ये व्हॉल्व्ह अ‍ॅम्प बनले, 1965 च्या सुमारास ते 100 वॉटचे झाले. सगळे नॉब 10 वर नेले की आवाज हवा तसा फाटायचा, पण छोट्या क्लबात कान बसायचे.

तोड म्हणून एडीने मेन्सच्या वाटेत व्हेरिअ‍ॅक, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर, घातला. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंगवाले ज्याला डिमरस्टॅट म्हणतात, तोच. खरा घोळ इथून सुरू होतो. सुरुवातीच्या मुलाखतींत त्याने व्होल्टेज 140 पर्यंत चढवल्याचे सांगितले, नंतर मात्र 90 च्या आसपास उतरवल्याचे. पहिली थाप इतरांना चकवण्यासाठीच असावी. 120 वोल्टच्या अ‍ॅम्पला रोज 140 दिले तर व्हॉल्व्ह फार दिवस काढत नाहीत.

नावाचाही गोंधळ आहे. 'ब्राउन' म्हणजे ब्राउनआउट, आपल्याकडची 'लाईट डीम', असे अनेकजण धरून चालतात. पण एडीने हा शब्द आधी ड्रमवादक भावाच्या स्नेअर ड्रमसाठी वापरला होता. उबदार, लाकडी नाद, एवढाच त्याचा अर्थ.

120 चे 90 म्हणजे 75 टक्के. कोल्हापुरात अ‍ॅम्पमागचा व्होल्टेज सिलेक्टर 230 वर असेल तर डिमरस्टॅटवर 172, आणि 240 वर असेल तर 180. डायलवर विसंबू नये, मल्टिमीटरने मोजावे. व्हॉल्व्हचा 6.3 वोल्टचा हीटर 4.7 वर येतो, प्लेटचे व्होल्टेजही पडते, आवाज लवकर फाटतो आणि वॉटेज निम्म्याच्या जवळ येते. बायस (व्हॉल्व्हमधून स्थिर स्थितीत किती करंट वाहावा याची सेटिंग) 172 वर बसवला असेल तर पुन्हा 230 देण्याआधी तपासावा, नाहीतर प्लेटा लाल होतात. डिमरस्टॅट 4 अँपिअरचा घ्यावा. त्याची डायल 270 पर्यंत फिरते, म्हणून 230 वर अडसर बसवावा. तो आयसोलेशन देत नाही, म्हणजे मेन्सपासून अ‍ॅम्प वेगळा करत नाही, त्यामुळे अर्थिंग अखंड हवे.

पुढे अ‍ॅम्प आणि स्पीकरमध्ये बसून आवाज कमी करणारे अ‍ॅटेन्युएटर आले, 1 वॉटचे व्हॉल्व्ह अ‍ॅम्प आले, अ‍ॅम्पची डिजिटल नक्कल करणारे मॉडेलिंग आले. ऑर्केस्ट्रात हल्ली बहुतेकांकडे मॉडेलरच असतो. त्याची एसएमपीएस (आतला पॉवर सप्लाय) 100 ते 240 वर सारखीच चालते, तिला डिमरस्टॅट लावून काडीचा फरक पडत नाही. तिथे आतली व्हेरिअ‍ॅक सेटिंग 75 टक्क्यांवर ठेवावी.

हा आवाज काढताना बहुतेकांचे चुकते ते गेनमध्ये, म्हणजे आवाज किती फाडायचा त्यात. मूळ आवाजात गेन वाटतो त्यापेक्षा कमी आहे. ब्रिजला एकच हंबकर (दोन कॉइलचा पिकअप), तोही जुन्या पद्धतीचा, साधारण 8 किलोओहमचा. जास्त आउटपुटचा पिकअप लावला की खर्जाचा चिखल होतो. गिटार अर्धा स्वर उतरवलेली, फेझर (आवाज हेलकावणारा इफेक्ट) अ‍ॅम्पच्या आधी, त्याचा वेग घड्याळातल्या 9 च्या जागी. रिव्हर्ब (घुमारा) मात्र अ‍ॅम्पनंतर, मिक्सरवर, गिटार डावीकडे आणि रिव्हर्ब उजवीकडे.