पन्नास मीटरवरचे 10.4 मिलिमीटर

1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स (गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभे राहून नेम साधण्याच्या) प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्यांच्यासमोरच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या 10.4 मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे होते. खांद्याला टेकलेल्या मीटरभर लांब रायफलीचे तोंड मिलिमीटरच्या एक दशांशाने सरकले, तरी त्या अंतरावर गोळी सुमारे 5 मिलिमीटर बाजूला जाते.

या रायफलीत प्रत्येक वेळी एकच काडतूस हाताने भरतात. मॅगझिन, म्हणजे काडतुसांचा साठा ठेवणारी पेटी नसल्यामुळे, नळी जिच्यात घट्ट बसते त्या पोलादी चौकटीला खालून मोठी खाच पाडावी लागत नाही आणि ती ताठ राहते. शिकारीच्या अशाच एकेरी, म्हणजे एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या रायफलींत, उदाहरणार्थ स्कॉटलंडच्या जॉन फार्कहरसन यांनी 1872 मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत, काडतुसामागचा ठोकळा मागे न जाता खाली-वर सरकतो. त्यामुळे एकूण लांबी न वाढवता नळी लांब ठेवता येते.

तरीही एकेरी रायफल आपोआप अचूक ठरते, हा समज मला मान्य नाही. बार उडताच नळी तारेसारखी थरथरते आणि त्या थरथरीतच गोळी बाहेर पडते. थरथर दर वेळी सारखीच असेल तर बिघडत नाही. परंतु खाली ठोकळा सरकणाऱ्या अनेक रायफलींत दस्ता, म्हणजे रायफल धरण्याचा लाकडी भाग, दोन तुकड्यांचा असतो आणि त्याचा पुढचा भाग नळीला टेकतो. लाकूड दमट हवेत फुगले किंवा नळी तापली की हा दाब बदलतो आणि नेमही सरकतो. म्हणूनच स्पर्धेच्या रायफलीची जड नळी दस्त्याला कुठेही न टेकता मोकळी ठेवतात.

उरलेला प्रश्न काडतुसाचा आहे, आणि मला तोच सर्वांत विलक्षण वाटतो. या स्पर्धेतल्या पॉइंट टू टू (सुमारे 0.22 इंच व्यासाच्या) काडतुसाची शिशाची गोळी सेकंदाला सुमारे 325 मीटर, म्हणजे ध्वनीपेक्षा थोड्या कमी वेगाने निघते. हा वेग मुद्दामच कमी ठेवतात, कारण ध्वनीची मर्यादा ओलांडून पुन्हा खाली येताना गोळी अस्थिर होऊ शकते. वेगात सेकंदाला केवळ 5 मीटरचा फरक पडला, तरी 50 मीटरवर गोळी जवळजवळ 4 मिलिमीटर वर किंवा खाली लागते. त्यामुळे अव्वल नेमबाज आपली रायफल शिकंजात पक्की बसवून काडतुसांच्या वेगवेगळ्या लॉटची, म्हणजे एकत्र तयार झालेल्या गटांची चाचणी घेतात आणि ज्याच्या गोळ्या एकमेकींच्या सर्वांत जवळ लागतात तो लॉट मोठ्या संख्येने विकत घेतात. त्याच बनावटीच्या शेजारच्या रायफलीला तोच लॉट मानवेल याची मात्र खात्री नसते.