कंपायलरच्या आधारे सिंटॅक्स तपासणी

प्रोग्रॅम लिहिला जात असतानाच एडिटरने पडद्यामागे खरा कंपायलर (प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे साधन) चालवायचा आणि त्याने काढलेल्या चुका त्या-त्या ओळीवर दाखवायच्या, या सोयीला कंपायलरच्या आधारे सिंटॅक्स (भाषेचे लेखननियम) तपासणी म्हणतात. जॅकार्डच्या (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या) पंच कार्डातले चुकीचे भोक सोलापुरी चादर मागावर चढण्याआधी सापडावे, तसाच हा बंदोबस्त. कीवर्ड (भाषेचे राखीव शब्द) रंगवून दाखवणे ही वेगळी सोय. ती शब्द ओळखते. कंपायलर घोषणा, डेटा टाइप आणि फंक्शनला दिलेली आर्ग्युमेंट्स पडताळतो.

एडिटरला तीन गोष्टी सांगाव्या लागतात : कोणता आदेश चालवायचा, कोणत्या फोल्डरमधून चालवायचा आणि येणाऱ्या संदेशातून फाइल, ओळ व कॉलम कसे वेगळे काढायचे. सी आणि सी++ साठी जीसीसी व क्लँग या दोन्ही कंपायलरांत ‘एफसिंटॅक्स-ओन्ली’ हा पर्याय आहे. त्याने तपासणी होते, ऑब्जेक्ट फाइल (यंत्राच्या भाषेतली फाइल) तयार होत नाही. सोबत इशाऱ्यांसाठी ‘वॉल’ द्यावा. मात्र जीसीसीचे पुढचे टप्पे यात चालत नसल्याने, मूल्य न देता वापरलेल्या व्हेरिएबलचा इशारा सहसा येत नाही. लिंकरच्या (तयार झालेल्या फाइली जोडणाऱ्या साधनाच्या) चुकाही दिसत नाहीत. एडिटर स्वच्छ दिसला तरी पूर्ण बिल्ड करावेच लागते.

ईमॅक्स या एडिटरमध्ये फ्लायमेक हे साधन आवृत्ती २२ (२००७) पासून आहे. आवृत्ती २६ (२०१८) मध्ये ते नव्याने लिहिले गेले. सी फाइलसाठी ते मेकफाइलमधले (‘मेक’ या साधनासाठी आदेश लिहिलेल्या फाइलमधले) ‘चेक-सिंटॅक्स’ हे टार्गेट (नाव दिलेले काम) चालवते आणि काय तपासायचे ते ‘सीएचके_सोर्सेस’ या व्हेरिएबलमधून देते. टार्गेटखालच्या ओळीत कंपायलरचे नाव, वरचे दोन पर्याय, हेडरचे (घोषणांच्या वेगळ्या फाइलींचे) फोल्डर आणि शेवटी हे व्हेरिएबल लिहावे. ओळ टॅबनेच सुरू व्हायला हवी. स्पेस दिल्यास मेक ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून थांबते. टायपिंग थांबल्यावर मूळ मांडणीत अर्ध्या सेकंदाने तपासणी होते. व्हिम या एडिटरमध्ये ‘मेकपीआरजी’ (चालवायचा आदेश) व ‘एररफॉरमॅट’ (संदेश वाचण्याचा नमुना) ठरवून चुका क्विकफिक्स यादीत घेता येतात, पण त्यासाठी आदेश द्यावा लागतो. आपोआप तपासणीसाठी एएलई हे प्लगइन आहे.

सर्वांत जास्त घोटाळा हेडरच्या मार्गाचा होतो. समजा, चादरींच्या हिशेबाच्या प्रोग्रॅममधली हेडर फाइल ‘इन्क्लूड’ फोल्डरमध्ये आहे आणि तो मार्ग कॅपिटल आयच्या पर्यायाने दिलेला नाही. ती फाइल मागवणाऱ्या इन्क्लूडच्या ओळीपाशीच ‘फेटल एरर’ येऊन जीसीसी थांबते आणि खालच्या चुका दिसतच नाहीत. सापेक्ष मार्ग दिला असेल, तर आदेश दुसऱ्या फोल्डरमधून चालताच तो तुटतो.

टर्बो सी या जुन्या कंपायलरवर लिहिलेल्या प्रोग्रॅमांचेही तेच होते. सोलापूरच्या एखाद्या प्रयोगशाळेच्या वहीतला असा प्रोग्रॅम लिनक्सवर उघडला, की ‘कॉनिओ’ हेडर सापडत नाही. ती ओळ काढली तर ‘सीएलआरएससीआर’ (पडदा पुसणारे) आणि ‘गेटसीएच’ (एक कळ वाचणारे) ही फंक्शने घोषित नसल्याची तक्रार येते : जीसीसी १४ पासून ती थेट चूक, त्याआधी इशारा. ‘व्हॉइड मेन’बद्दलचा (मेन फंक्शन मूल्य परत देत नसल्याचा) इशारा ‘वॉल’ दिल्यावर मिळतो. अशा वेळी दोष एडिटरच्या मांडणीचा नसतो, प्रोग्रॅमच दुरुस्त करावा लागतो.

मराठी मजकूर असलेल्या ओळीत चूक दाखवणारी खूण भलत्याच अक्षराखाली पडू शकते. ‘सोलापूर’ या शब्दात युनिकोडची ७ चिन्हे आहेत, पण यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत त्यांचे २१ बाइट होतात. जीसीसी १० पर्यंत कॉलम बाइटमध्ये मोजला जाई. चिन्हे मोजणाऱ्या एडिटरमध्ये त्या शब्दानंतरची खूण १४ जागा पुढे सरके. जीसीसी ११ पासून पडद्यावरची रुंदी मोजतात. फरक बराच कमी झाला, तरी उकारासारखी चिन्हे स्वतंत्र रुंदी घेत नसल्याने तो पुरता जात नाही. ओळ क्रमांक मात्र बरोबर असतो. त्यावरच भिस्त ठेवावी.

मांडणी झाल्यावर मुद्दाम एक अर्धविराम गाळून पाहावे. खूण आली नाही, तर तोच आदेश त्याच फोल्डरमधून टर्मिनलमध्ये चालवावा. तिथे संदेश येत असेल, तर संदेश वाचण्याचा नमुना चुकलेला असतो. संदेशांची भाषा बदलल्यानेही नमुना जुळत नाही. त्यासाठी भाषा ठरवणाऱ्या ‘एलसी_ऑल’ या व्हेरिएबलची किंमत ‘सी’ ठेवतात. परक्याकडून आलेला प्रकल्प पाहताना ही सोय बंद ठेवलेली बरी, कारण ती आपोआप चालू होणारी असेल तर फाइल नुसती उघडल्यावरही मेकफाइलमधला कोणताही आदेश चालू शकतो.