पार्श्वभूमी: ‘लेडी स्टेनो’चा पगार

अप्रायझलला साहेबासमोर एकटीने बसून पगाराचं बोलायचं, ही मुंबईतली पद्धत तशी अलीकडची. गिरण्यांत बोलणी जथ्याने व्हायची. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांतल्या बायकांवर नाईकीण, म्हणजे बाई मुकादम, असे. कामावर लावणं तिच्या हातात, म्हणून दस्तुरीही, म्हणजे नोकरीसाठी द्यावा लागणारा वरचा पैसाही, तिच्याच हातात. वर बाई बसली की खालच्या बायकांचं भलं होतंच, असं तेव्हाही नव्हतं.

पुढे युनियन आल्या. इथल्या एका औषध कंपनीत पॅकिंगमधल्या मुलीने लग्न केलं की नोकरी सोडायची, असा नियम होता. बाँबे लेबर युनियनने तो कोर्टात नेला. मालकाचं म्हणणं, काम टोळीने चालतं आणि लग्न झालेल्या बायकांचे खाडे फार. सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये नियम मोडीत काढला: मुलं असलेल्या विधवेचेही खाडे होणारच, तिला कसं ठेवता?

युनियनने केलेला करारही मात्र बाईच्या मुळावर येऊ शकतो. मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत ऑड्री डिकॉस्टा ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’, म्हणजे गोपनीय कामाच्या लघुलेखिका, होत्या. पुरुष स्टेनोंचा पगार जास्त. 1976 च्या समान वेतन कायद्याखाली त्यांनी फरक मागितला. कंपनीने युनियनबरोबरचा करार पुढे केला, आर्थिक ओढाताणीचं कारणही दिलं. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही नाकारलं. त्या जागी फक्त बायकाच असतील तर त्या व्यवस्थापनाला तिथे हव्या आहेत म्हणून, असंही सुनावलं. तोवर कंपनीने बाईंना नोकरीवरून काढून जवळपास दहा वर्षं झाली होती.

2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री सक्तीची केली. त्याच वर्षी नरिमन पॉइंटला स्टेट बँकेच्या अध्यक्षपदी अरुंधती भट्टाचार्य आल्या. खालच्या मजल्यांवर घोळ जुनाच: ती ‘एक्झिक्युटिव्ह’, तो ‘असिस्टंट मॅनेजर’, काम एकच. 1976 चा कायदा आता 2019 च्या वेतन संहितेत गेला, पण तुलनेची कसोटी जवळपास तीच आहे: कौशल्य, श्रम, अनुभव, जबाबदारी. पदाचं नाव त्यात येत नाही. त्यामुळे बोलणीला जाताना हाताखाली किती माणसं, सही कितीपर्यंतच्या रकमेवर चालते, रजेवर गेलेल्या कोणाचं काम किती महिने ओढलं, हे तारखांसकट कागदावर हवं. नुसतं ‘मी खूप राबते’ म्हटलं की पुढचा माणूस मान डोलावतो आणि आकडा तोच ठेवतो.