बेस गिटार : प्रारंभिक वादनाभ्यास

बेस गिटार हे खर्जातल्या स्वरांसाठी घडवलेले, गिटारच्या घाटाचे विद्युत् तंतुवाद्य आहे. त्याला सामान्यतः चार तारा असतात. मराठीत ‘बास’ आणि ‘बेस’ ही दोन्ही रूपे छापलेली आढळतात. मूळ इटालियन शब्द ‘बास्सो’ म्हणजे ‘खालचा’. कोल्हापुरात वादक आणि साउंडवाले ‘बेस’ असेच म्हणतात, म्हणून येथे ते रूप स्वीकारले आहे. मात्र याच गावात मिरवणुकीच्या बोलीत ‘बेस’ म्हणजे डॉल्बीचा छातीत बसणारा दणका, आणि नवशिक्याची पहिली गैरसमजूत येथूनच सुरू होते. बेस गिटारचे काम दणका देणे नाही. ठरलेला स्वर ठरलेल्या क्षणी सुरू करणे आणि ठरलेल्या क्षणी थांबवणे हे तिचे काम. थांबवणे हा त्यातला निम्मा भाग आहे. प्रारंभिक अभ्यासात तोच बहुधा सुटतो.

उगम : पहिली बेस गिटार कोणाची, याविषयी एकमत नाही. जॅझ आणि नृत्यसंगीताच्या वाद्यवृंदांत खालचे स्वर डबल बेस हे उभे, माणसाहून उंच वाद्य देत असे. ते वाहून नेणे जिकिरीचे होते, आणि इतर वाद्ये ध्वनिवर्धकावर गेली तशी त्याचा आवाज अपुरा पडू लागला. यावर उपाय म्हणून १९३० च्या दशकात काही प्रयोग झाले. रिकनबॅकर कंपनीने विद्युत् डबल बेस बाजारात आणले, पण तेही उभेच वाजवायचे होते. सिअ‍ॅटलचे पॉल टटमार्क यांनी सुमारे १९३६ मध्ये ‘ऑडिओव्हॉक्स ७३६’ हे वाद्य केले (काही जण १९३५, तर काही १९३७ हे वर्ष देतात). ते भरीव लाकडाचे, पडदे (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या कडा) असलेले आणि गिटारसारखे आडवे धरण्याचे होते. त्याची तार सुमारे साडेतीस इंच लांबीची होती. व्याख्या काटेकोरपणे लावली तर पहिली बेस गिटार हीच ठरते. टटमार्क यांच्या मुलाने १९४० च्या दशकाच्या अखेरीस ‘सेरेनेडर’ या नावाने तसेच वाद्य विकले, पण तेही फारसे पसरले नाही.

दुसरा पक्ष कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथील लिओ फेंडर यांचा. त्यांचा ‘प्रिसिजन बेस’ १९५१ च्या उत्तरार्धात विक्रीस आला. पडद्यांमुळे स्वर अचूक लागतो, म्हणून हे नाव. तारेची लांबी त्यांनी ३४ इंच ठरवली आणि तीच आजतागायत प्रमाण राहिली. जॅझवादक लायनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदात मंक माँटगोमेरी हे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस हे वाद्य वाजवू लागले. गिब्सन कंपनीचा विद्युत् बेस १९५३ मध्ये आला आणि फेंडर यांचाच ‘जॅझ बेस’ १९६० मध्ये. टटमार्क यांचे वाद्य फेंडर यांनी पाहिले होते, असे दाखवणारा पुरावा पुढे आलेला नाही. तेव्हा निर्मितीचा पहिला मान टटमार्क यांना आणि परंपरेचा आरंभ फेंडर यांच्यापासून, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. आज दुकानात नवशिक्याच्या हाती येणारे जवळजवळ प्रत्येक वाद्य त्या १९५१ च्या आराखड्याचेच वंशज असते.

स्वररचना : जाडीकडून बारकीकडे तारा ई, ए, डी, जी या स्वरांत लावतात. पेटीच्या भाषेत या पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. गिटारच्या जाड चार तारांचे हेच स्वर, पण एक सप्तक खाली. सर्वांत जाड तारेची कंपनसंख्या सुमारे ४१ हर्ट्झ आहे, तर बारीक तारेची ९८. स्वरलिपीत मात्र हे स्वर एक सप्तक वर लिहितात. पाश्चात्त्य लिपी शिकणाऱ्याने हे आरंभीच ध्यानात ठेवावे.

कोल्हापुरातले बरेच नवशिके पेटी किंवा गाणे थोडेफार शिकून या वाद्याकडे येतात. त्यांना चौथ्या स्वराच्या (सा ते म) अंतराची ही रचना लवकर उमगते. कोणत्याही तारेवर सा धरला, तर शेजारच्या बारीक तारेवर त्याच पडद्यावर शुद्ध मध्यम मिळतो. तिथून दोन पडदे पुढे पंचम, आणि त्याच पडद्यावर पुढच्या तारेवर तार सा. सा धरलेल्या पडद्यावरच शेजारची जाड तार दाबली, तर मंद्र पंचम. दुसऱ्या जाड तारेवर चौथा पडदा ही काळी एक. गायिकेने काळी चार मागितली, तर सर्वांत जाड तारेवरचा चौथा पडदा. पेटीवर पट्टी बदलली की बोटांची सारी मांडणी बदलते. येथे हात नुसता सरकतो, मांडणी तीच राहते. म्हणून पहिल्या महिन्यात सगळ्या पडद्यांची नावे घोकण्यापेक्षा सा-म-प-सां ही आकृती सगळ्या पट्ट्यांत फिरवावी आणि फिरवताना स्वराचे नाव तोंडाने म्हणावे.

डाव्या हाताचा वाद : नवशिक्यांच्या शिक्षणात याइतका चर्चेचा विषय दुसरा नाही. एक मत गिटारवादकांकडून आले आहे : चार बोटे, चार पडदे, प्रत्येक बोटाचा पडदा ठरलेला. दुसरे मत डबल बेसच्या परंपरेतले. व्हिएन्नात शिकवणारे बोहेमियन वादक फ्रान्झ सिमांडल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धत बांधून दिली. तिच्यात पहिले आणि दुसरे बोट स्वतंत्र, तर तिसरे आणि करंगळी मिळून एक, अशी तीनच पडद्यांची पकड घेतात. चौथ्या पडद्यासाठी हात सरकवतात.

येथे भांडण रुचीचे नसून अंतराचे आहे, हे मापे पाहिली की कळते. ३४ इंची बेसवर पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंतचे अंतर सुमारे १३० मिलिमीटर भरते. साध्या साडेपंचवीस इंची गिटारवर तेच ९७. म्हणजे गिटारवरची पकड बेसच्या पहिल्या पडद्यावर नेली, तर पंजा एक तृतीयांशाने अधिक ताणावा लागतो. नवशिका मनगट वाकवून हा ताण भरून काढतो आणि पुढचे दुखणे तिथेच रुजते. पाचव्या ते आठव्या पडद्यापर्यंतचे अंतर मात्र १०३ मिलिमीटरच आहे, आणि सातव्या ते दहाव्यापर्यंतचे ९२. यावरून मार्ग निघतो तो असा : पहिल्या चार पडद्यांवर सिमांडल यांची पकड, पाचव्यापासून पुढे प्रत्येक बोटास एक पडदा. सरावाची सुरुवातही पहिल्या पडद्याऐवजी पाचव्यापासून केलेली बरी. हात लहान असेल किंवा शिकणारे मूल शाळेतले असेल, तर ३० इंची आखूड बेस घ्यावा. त्यावर पहिल्या पकडीचे अंतर सुमारे ११४ मिलिमीटर येते. आखूड बेस म्हणजे खेळणे, हा समज निराधार आहे. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हँबुर्गमध्ये घेतलेला हॉफनर बेस आखूडच होता.

बोट पडद्याच्या लगत मागे टेकवावे, पडद्यावर नव्हे, आणि दोन पडद्यांच्या मधोमधही नव्हे. अंगठा दांड्याच्या पाठीवर सैल राहावा. कोपर किंवा मनगटात कळ आली, तर त्या दिवशी वाजवणे थांबवावे. तर्जनीच्या टोकावरची जळजळ वेगळी. ती काही आठवड्यांत घट्टे पडून जाते. पट्टा लावून बसलेले आणि उभे राहिलेले असताना वाद्य एकाच उंचीवर येईल असे बघावे.

उजवा हात : तर्जनी आणि मध्यमा आलटून पालटून चालवण्याची रीत सर्वांत प्रचलित आहे. मोटाउन या अमेरिकी ध्वनिमुद्रण कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन केवळ तर्जनीने वाजवत, पण त्यांची नक्कल नवशिक्याने करू नये. अंगठा पिकअपवर (तारांची कंपने टिपणाऱ्या, तारांखालच्या चुंबकी भागावर) टेकवतात. बारीक तारांकडे जाताना तो जाड तारेवर उतरवावा, म्हणजे ती तार आपोआप गप्प राहते. बेसची मोकळी तार नुसत्या शेजारच्या कंपनानेही घुमू लागते. खोलीत ते जाणवत नाही, पण मांडवात स्पीकरच्या मोठ्या पेट्यांतून त्याचा चिखल होतो. म्हणून जी तार वाजत नाही ती कोणत्या बोटाने दाबलेली आहे, हे प्रत्येक क्षणी सांगता आले पाहिजे. अंगठ्याने तार आपटून आणि बोटाने ओढून वाजवण्याची ‘स्लॅप’ पद्धत लॅरी ग्रॅहम यांनी १९६० च्या दशकात रूढ केली. आईसोबत ड्रमवादकाशिवाय वाजवावे लागत असल्याने ड्रमचे दोन्ही आवाज त्यांनी तारेतूनच काढले. ती मोहात पाडते, पण वरील गप्प करण्याचे अंग हाती आल्यावाचून शिकू नये.

लय : बेसवादकाचा खरा जोडीदार ताल धरणारा असतो. याचा नमुना कोल्हापुरात शोधायला दूर जावे लागत नाही. कुस्तीच्या मैदानात आणि मिरवणुकीत हलगी, घुमकं आणि कैताळ एकत्र वाजतात. हलगी बोल बोलते, कैताळ धार देते आणि घुमकं खाली ठाव धरून असते. घुमक्याचे ठोके हलगीपेक्षा कमी, पण ते चुकले की हलगीवाल्याचा हात अडखळतो. बेसची जागा हीच आहे. फरक इतकाच की बेसला स्वरही सांभाळावा लागतो. खासबागेच्या कुस्ती मैदानात बसून कान फक्त घुमक्यावर ठेवणे हा नवशिक्यासाठी उत्तम अभ्यास आहे.

घरी केरव्याच्या आठ मात्रा मिनिटाला साठच्या संथ लयीत, टाळीवर किंवा मेट्रोनोमवर धराव्यात. समेवर सा, पाचव्या मात्रेवर पंचम, बाकी शांतता. पहिला स्वर चौथी मात्रा संपेपर्यंत धरायचा की दुसरीलाच सोडायचा, हे आधी ठरवून दोन्ही करून पाहावे. त्याच दोन स्वरांनी गाणे जड होते किंवा हलके, हे तेव्हा कळते. लय वाढवण्याची घाई करू नये. साठवर चुकणारा नव्वदवर झाकला जातो, सुधारत नाही. रोज वीस-पंचवीस मिनिटांच्या दोन बैठका पुरेशा आहेत. रविवारी एकदम तीन तास बसण्याने बोटे तेवढी दुखावतात.

ऐकण्याचा सराव हेडफोनवर करावा. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झचा मूळ स्वर बाहेरच पडत नाही. वरच्या अंशस्वरांवरून (मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या बारीक स्वरांवरून) मेंदू तो थोडाफार पुरा करून घेतो, तरी नवशिक्याला वाटते की गाण्यात बेसच नाही. हिंदी चित्रपटसंगीत येथे उपयोगी पडते. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांचे बेसवादन ऐकू येते. एक गाणे निवडून त्यातली बेसची ओळ आधी गुणगुणावी, मग वाजवावी.

रागसंगीतासोबत : गायक अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या दरबारी होते, देवल क्लब या संगीतसंस्थेच्या बैठका येथे झाल्या आणि जयपूर-अत्रौली गायकी ऐकलेले कान या गावात आहेत. त्यामुळे रागावर आधारलेले भावगीत किंवा नाट्यगीत वाजवताना बेसवादकाची चूक लगेच पकडली जाते. पाश्चात्त्य पाठांत सा-पंचम ही जोडी इतकी घोटलेली असते की बोटे आपणहून पंचमावर जातात. मालकंसात पंचम वर्ज्य आहे, मारव्यातही. मालकंसात सा आणि मध्यम धरावेत. तंबोराही तसाच लावतात. मारव्यात सा धरून गप्प राहणे पुष्कळदा बरे. कॉर्डच्या मागे धावून रागाबाहेरचा स्वर खर्जात टाकला, तर वरचा गायक कितीही सुरेल असो, राग मोडतो. पहाटेची खर्जसाधना करणाऱ्या गायकासोबत तंबोरा लावून बसणे, हा बेसवादकासाठी कोणत्याही पुस्तकापेक्षा मोठा धडा आहे.

स्थानिक वापर : कोल्हापूर परिसरात बेस गिटार मुख्यतः ऑर्केस्ट्रा, महाविद्यालयीन बँड आणि ध्वनिमुद्रण यांत दिसते. बऱ्याच ऑर्केस्ट्रांत खालचे स्वर कीबोर्डच्या डाव्या हातावरच भागवले जातात. बेंजो पथकांतही तेच होते.

वाद्य आणि निगा : पहिल्यांदा चार तारांचाच बेस घ्यावा, पाचवी तार गप्प करण्याचे ओझे वाढवते. विकत घेताना प्रत्येक पडद्यावर प्रत्येक तार वाजवून खरखर तपासावी. बाराव्या पडद्यावरचा स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर एक सप्तक वर लागतो का, हे पाहावे. गिटारच्या अ‍ॅम्पवर बेस मोठ्याने वाजवू नये, त्याचा स्पीकर फाटू शकतो. मोबाइलवरील ट्यूनरला जाड तार पकडता येत नसेल, तर बाराव्या पडद्यावर बोट नुसते टेकवून निघणाऱ्या अंशस्वराने ती लावावी.

जून ते सप्टेंबर या काळात येथील दमट हवेत लाकूड फुगते, दांडा वाकतो आणि तारा पडद्यांपासून दूर जातात. मग दाबायला जोर लागतो. नवशिक्याला ती आपलीच कमजोरी वाटते. दांड्याच्या पोटातली लोखंडी सळई हे वाकणे आवरण्यासाठीच असते. ती एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये, आणि फिरवल्यावर एक दिवस थांबून पुन्हा पाहावे. मिरजेच्या तंबोरा-सतार घडवणाऱ्या कारागिरांचे कसब भोपळा, दांडी आणि जवारीचे. सळईचे काम वेगळे असल्याने ते विद्युत् गिटार दुरुस्त करणाऱ्याकडेच न्यावे. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती कापडाने वरून आणि खालूनही पुसाव्यात. पावसाळ्यात वाद्य बाहेरच्या भिंतीला टेकवून न ठेवता पिशवीत, जमिनीपासून वर ठेवावे.