पॅसिफिक कला पडद्यावर : परवानगीच्या वादाची पार्श्वभूमी

पॅसिफिक बेटांवरच्या कलावस्तू युरोपच्या संग्रहालयांत कशा पोहोचल्या, हे आता नव्याने सांगायला नको. या वस्तूंची चित्रे पडद्यावर दाखवायला जमातींची परवानगी हवी का, हा आजचा वाद समजून घ्यायचा तर 1984पासून सुरुवात करावी. त्या वर्षी माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, शिल्पांचे प्रदर्शन न्यूयॉर्कला गेले. वस्तू न्यूझीलंडमधल्या संग्रहालयांच्या ताब्यात होत्या, तरी त्या न्यायच्या की नाही हे संबंधित जमातींना विचारण्यात आले. काहींनी नकार दिला आणि तो पाळला गेला. जमातींतले ज्येष्ठ वस्तूंबरोबर गेले, पहाटे विधी झाले, मगच दालन खुले झाले. त्यांच्या लेखी ती शिल्पे म्हणजे साक्षात पूर्वज होते.

छायाचित्राला अशी परवानगी लागते का? खरा पेच इथे आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या कोरीवकामावर कोणाचाच कॉपीराइट उरत नाही. कायद्याने ते सगळ्यांचे. जमातीचे म्हणणे वेगळे: कोरणारा गेला, पण राखणदार पिढ्यान्‌पिढ्या आहेत. 1991मध्ये सहा माओरी दावेदारांनी हा प्रश्न, देशी वनस्पती आणि पारंपरिक ज्ञानासह, ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यातल्या 1840च्या कराराच्या भंगाच्या तक्रारी ऐकणाऱ्या न्यायाधिकरणापुढे नेला. अहवाल यायला 2011 उजाडले. तोवर बहुतेक मूळ दावेदार हयात नव्हते. मालकी द्यावी असे न्यायाधिकरण म्हणाले नाही, पण राखणदारीचे नाते मान्य केले आणि अवमानकारक व व्यापारी वापराविरुद्ध दाद मागण्यासाठी आयोग सुचवला. हा तोडगा न्याय्य होता. पण शिफारशी सरकारवर बंधनकारक नव्हत्या. शिवाय न्यूझीलंडचा कायदा परदेशातल्या सर्व्हरवरच्या चित्राला कसा लागू होणार?

कलावंत थांबले नाहीत. 1804च्या सुमारास फ्रान्समध्ये छापलेल्या भिंतकागदावर पॅसिफिकमधली माणसे ग्रीक पुतळ्यांसारखी रंगवली होती. एका माओरी कलावतीने तेच निसर्गदृश्य भल्यामोठ्या डिजिटल पटावर सरकते ठेवले आणि त्यात पॅसिफिकमधलेच नट-नर्तक उभे केले. 2017मध्ये ती कलाकृती व्हेनिसला झळकली.

आता संग्रहालये ऑनलाइन नोंदींवर जमातीच्या अटी सांगणारी लेबले लावू लागली आहेत. लेबल कायदा नव्हे; पाळणे पाहणाऱ्यावर. आणि पाहायला मिळण्याचाही प्रश्न आहेच: जानेवारी 2022च्या ज्वालामुखी उद्रेकात टोंगा या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशाची समुद्राखालची इंटरनेट केबल तुटली, तेव्हा सुमारे पाच आठवडे लंडनमध्ये बसून टोंगाच्या वस्तू पाहणे सोपे होते, टोंगात बसून नव्हे.