गोव्यातल्या नवरा-बायकोचे उत्पन्न आणि आयकर: कलम ५-ए कोणाला लागू, रिटर्न कसे भरायचे

गोवेकरांच्या लग्नाची सिव्हिल नोंदणी झाली आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसला, की मालमत्तेत नवरा-बायकोचा निम्मा-निम्मा वाटा येतो. हा पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा. हिंदू असोत, ख्रिस्ती असोत, मुसलमान असोत. १९६१ च्या आयकर कायद्यानेही तो कलम ५-ए मध्ये मान्य केला आहे. हे कलम आले १९९४ मध्ये, अंमल मात्र १ एप्रिल १९६३ पासूनचा. आणि ही सवलत नव्हे, नियम आहे. फायद्याच्या वर्षी वाटणी करायची आणि तोट्याच्या वर्षी विसरायची, असे चालत नाही.

वाटणी कशाची? घरभाडे, धंदा-व्यवसाय, भांडवली नफा आणि व्याज-लाभांशासारखे इतर उत्पन्न. पगार ज्याचा त्याचाच. नोकरीची पेन्शनही पगारातच धरतात, त्यामुळे तीही वाटली जात नाही.

समजा, फोंड्यातल्या एका निवृत्त शिक्षकाची २०२५-२६ ची पेन्शन १०,५०,००० रुपये. ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की ९,७५,००० उरतात. घरभाडे महिना ३०,०००, म्हणजे वर्षाचे ३,६०,०००. त्यातून ठरलेली ३० टक्के वजावट जाऊन २,५२,०००. बँकेतल्या ठेवीचे व्याज १,२०,०००, त्यावर बँकेने आधीच १२,००० कर (टीडीएस) कापलेला. बायकोला स्वतःची मिळकत नाही. सगळे नवऱ्याच्याच नावावर दाखवले तर एकूण १३,४७,००० होतात आणि नव्या करप्रणालीत सेससह ८५,३३२ रुपये कर बसतो. कलम ५-ए प्रमाणे भाडे आणि व्याज मिळून ३,७२,००० चे दोन भाग केले, तर नवऱ्याचे उत्पन्न ११,६१,००० वर येते. ते बारा लाखांच्या आत असल्याने कलम ८७-ए च्या सवलतीमुळे कर शून्य. बायकोच्या वाट्याला १,८६,०००, तिलाही कर नाही. आयटीआर-१ हा रिटर्नचा साधा फॉर्म भरायची सवय किती महाग पडते, ते इथे दिसते.

कारण आयटीआर-१ आणि आयटीआर-४ मध्ये ही वाटणी दाखवायची सोयच नाही. धंदा नसेल तर आयटीआर-२, असेल तर आयटीआर-३. सुरुवातीच्या सर्वसाधारण माहितीत पोर्तुगीज नागरी संहिता लागू आहे का, असा प्रश्न असतो; तिथे ‘होय’ म्हणायचे. मग शेड्यूल ५-ए या तक्त्यात जोडीदाराचे नाव, पॅन, प्रत्येक प्रकारचे उत्पन्न, त्यातला जोडीदाराचा वाटा आणि त्यावरचा टीडीएस भरायचा. दोघांच्या रिटर्नमधले आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत.

घोळ होतो तो टीडीएसमध्ये. बँकेने १२,००० नवऱ्याच्या पॅनवर कापलेले, त्यामुळे फॉर्म २६-एएस या कापलेल्या कराच्या नोंदपत्रात ते त्याच्याच नावावर दिसतात. बायकोने तिच्या रिटर्नच्या टीडीएस तक्त्यात ‘दुसऱ्या व्यक्तीच्या नावावरचा टीडीएस’ हा पर्याय निवडून, नवऱ्याचा पॅन घालून ६,००० मागायचे. नवऱ्याने फक्त उरलेले ६,००० घ्यायचे. तिचे उत्पन्न मर्यादेखाली असले तरी परतावा हवा तर रिटर्न भरावेच लागते.

कागदपत्रे रिटर्नला जोडायची नसतात, पण नोटीस आली तर हाताशी हवीत: सिव्हिल विवाह नोंदणीचा दाखला, दोघांचे पॅन-आधार, २६-एएस आणि एआयएस (आयकर खात्याकडचा वर्षाच्या व्यवहारांचा गोषवारा), बँकेचा व्याजाचा दाखला, भाडेकरार, घरपट्टीची पावती.

नुसते गोव्यात राहून हे कलम लागू होत नाही. कोल्हापूरचे जोडपे, लग्न तिथलेच, नोकरीपुरते वेर्ण्यात आलेले असेल तर त्याने आपले नेहमीचेच रिटर्न भरावे. लग्नाआधी रीतसर करार करून मालमत्ता वेगळी ठेवलेल्यांनाही वाटणी नाही. उलट गोवेकर जोडप्याचा फ्लॅट पुण्यात असला, तरी त्याचे भाडे वाटणीत येते.

कंपनी, देवस्थान, क्लब यांचा या कलमाशी संबंध नाही. भागीदारी फर्मही तशी बाहेरच, पण भागीदाराला फर्मकडून मिळणारा मेहनताना आणि व्याज धंद्याच्या उत्पन्नात मोडते, म्हणून ते वाटले जाते. अशा फर्मचे लेखापरीक्षण बंधनकारक असेल तर भागीदाराच्या रिटर्नची मुदत ३१ ऑक्टोबर असते, आणि कलम ५-ए लागू असलेल्या त्याच्या जोडीदारालाही तीच मुदत मिळते.